बोलणं बंद असलेली शेजारीण

झरीच्या कडूबाईचं नाव तिच्या जिभेवरून पडलं, असं गावात पुष्कळांना वाटायचं. ते खरं नव्हतं. तिच्या आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा चौथं तरी देवाच्या डोळ्यात भरू नये म्हणून आईनं बारशालाच तिचं नाव कडू ठेवलं. देव फसला, पोर जगली. पुढं मात्र नावाला जागायचं तिनं मनावर घेतलं. पाटलाशी बोलताना आवाज खाली नाही, पटवाऱ्याशी बोलताना नजर खाली नाही. भांडणात हरू लागलेली बाई शेवटचा उपाय म्हणून म्हणायची, "थांब, कडूबाईलाच बोलावते," आणि समोरची खरंच थांबायची.

नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. शेत मुलगा आणि सून बघायचे. कडूबाईच्या वाट्याला उरली होती एक म्हैस, परसातला शेवगा आणि शेजार. शेजारी सांबप्पा वाण्याचं घर. पुढच्या खोलीत किराणा दुकान, मागं राहणं, आणि दोन्ही परसांच्या मध्ये छातीइतकी उंच मातीची भिंत. सांबप्पा मऊ स्वभावाचा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं म्हटलं तरी त्याला घाम फुटायचा. बायको मल्लम्मा मात्र ठसक्याची. एकुलती मुलगी लांब बिदरकडे दिलेली, त्यामुळं मल्लम्माचा सगळा ठसका शेजाराला मिळायचा.

एका उन्हाळ्यात मल्लम्मानं बाजेवर कुरडया वाळत घातल्या, आणि कडूबाईच्या म्हशीनं भिंतीवरून मान घालून अर्धी बाज साफ केली. मल्लम्मा म्हणाली, "जनावराला काय बोलावं? मालकिणीच्या हातचं खाऊन कटाळलं असंल." कडूबाईनं तिथल्या तिथं उत्तर दिलं, की त्या कुरडया खाल्ल्यापासून म्हशीनं दूध आखडतं घेतलंय. झालं. त्या दिवशी बोलणं बंद झालं ते नऊ वर्षं बंद राहिलं.

पण शेजारात बोलल्यावाचून भागत नाही, म्हणून दोघी मांजराशी बोलायच्या. "मांजरे, कुणाचं तरी दूध उतू चाललंय बघ," असं कडूबाई म्हणाली की पलीकडं मल्लम्मा चुलीकडं पळायची. "मांजरे, कुणाचं तरी वगार सुटलंय," असं तिकडून आलं की कडूबाई म्हशीच्या पिलामागं दावं घेऊन धावायची. मांजर दोघींचंही नव्हतं.

एकोणीसशे सदतीस साली, थंडी सरता सरता, एका दुपारी मल्लम्मा भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "कडूबाई."

कडूबाईनं आधी मांजर कुठं दिसतंय का ते पाहिलं. मग विचारलं, "माझ्याशी बोलायलीस का?"

"हाव."

"मग आधी कुरडयाचं काय ते बोल."

"कुरडया जाऊ दे चुलीत. मला गाठ हाय." मल्लम्मानं पदराआडून डाव्या छातीवर हात ठेवला. "गेल्या वर्सीच्या संक्रांतीला दाण्याएवढी हुती. आता लिंबाएवढी झाली. दुखत न्हाई, म्हणून गप बसले."

"तुझ्या मालकाला सांगितलंस का?"

"कुणालाच न्हाई सांगितलं. तुलाच सांगायले."

"मलाच कामून?"

"तुझं माझं बोलणं न्हाई ना. तू कुठं बोललीस तरी लोक म्हणतील, हिला कोण सांगायला गेलंय?"

कडूबाईनं ह्या बोलण्यात खोट काढायचा बराच प्रयत्न केला, पण तिला ती सापडली नाही. मग पन्नाशीतली ती बाई लुगड्याचा काचा आवळून भिंतीवर चढली आणि पलीकडं उतरली. उतरताना लुगडं फाटलं, त्याबद्दल तिनं मल्लम्मालाच दोष दिला. घरात नेऊन तिनं गाठ चाचपून बघितली. दगडासारखी टणक, बोटाखाली जराही सरकत नव्हती.

"माझ्या जिंतूरच्या मावशीला अशीच हुती," ती म्हणाली. "तिनं पण लपवली."

"मग?"

मावशीचं काय झालं ते कडूबाईच्या ओठावर आलं होतं. तिच्या ओठावर आलेली गोष्ट परत गेल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. ती परत गेली.

"मग काय? तिला शेजारीण न्हवती," कडूबाई म्हणाली आणि तडक दुकानात शिरली.

सांबप्पा गूळ तोलत होता. नऊ वर्षांनी कडूबाई दुकानात आली म्हणजे म्हशीनं पुन्हा काहीतरी खाल्लं किंवा आपल्या बायकोनं पुन्हा काहीतरी म्हटलं, असं समजून तो आधीच म्हणाला, "वैनी, चूक आमचीच हाय."

"हाव, हायच. दुकान लावून घ्या," कडूबाई म्हणाली, आणि गिऱ्हाईक बाहेर गेल्यावर तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

सांबप्पा मागच्या मागं मिठाच्या पोत्यावर बसला आणि रडायला लागला. तो इतका रडला, की पोतं पाझरतंय की काय अशी कडूबाईला धास्ती पडली. शेवटी तिनं त्याला दंडाला धरून तुरीच्या पोत्यावर हलवलं.

गावात बातमी लपली नाही. मल्लम्माचा हिशोब तेवढा चुकला, कारण कडूबाईनं स्वतःच गाडी जुंपायला सांगताना चार जणांना ओरडून कारण सांगितलं. मग सल्ले आले. कुणी जळवा लावा म्हणालं, कुणी हकीम सुचवला, कुणी नवस. कडूबाईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "देव कुठं पळून जायला न्हाई. रेलगाडी जाती." परभणीच्या डॉक्टरनं गाठ बघितली आणि सांगितलं, फौरन हैद्राबादला न्या, कापावं लागेल.

कडूबाई रेल्वेत कधी बसली नव्हती. हैद्राबादेत सगळ्या जेवणात चिंच घालतात असं तिनं ऐकलं होतं, म्हणून दशम्यांचं गाठोडं, पायलीभर भुईमुगाच्या शेंगा आणि लोखंडी खलबत्ता तिनं बरोबर घेतला. तो खलबत्ता प्लॅटफॉर्मवर उचलताना हमालानं अल्लाचं नाव घेतलं. गाडी हलली तशी मल्लम्माला हिसके बसू लागले. पुढच्या टेसनावर गाडी थांबल्याबरोबर कडूबाई उतरून थेट इंजिनापाशी गेली आणि ड्रायव्हरला वर बघून म्हणाली, "अरे बाबा, आत दुखणाईत माणूस हाय. जरा सांभाळून हाक." ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. पण त्यानं तिला सलाम केला, आणि गाडी त्यानंतर हळू चालली असं कडूबाई मरेपर्यंत सांगत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई धिप्पाड होत्या आणि दख्खनी बोलायच्या. त्यांनी विचारलं, "मरीज के साथ कौन हैं?"

सांबप्पानं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाई पुढं झाली. "मैं हूं."

"आप कौन होते इनके?"

"शेजारीण. लेकिन हमारा बोलना बंद हाय."

डॉक्टरीणबाईंनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि कागदावर 'बहन' लिहिलं.

ऑपरेशनच्या सकाळी एक पेच पडला. मल्लम्माच्या गळ्यात चांदीच्या डबीत पूजेचं इष्टलिंग होतं. ते अंगावेगळं करायचं नाही, हा त्यांच्या घराचा नेम, आणि छाती कापायची म्हणजे गळ्यात काही ठेवता येत नव्हतं. सांबप्पा पुन्हा रडायच्या बेतात आला. नर्स म्हणाली, सोडा. मल्लम्मा म्हणाली, मग मला पण सोडा, मी घरला जाते. कडूबाईनं थोडा वेळ दोघींचं ऐकलं आणि विचारलं, "उजवा हात कापायलेत का?"

"नक्को अम्मा, हात कायकू?"

"मग हाताला बांधा की." नर्सनं डबीचा दोरा सोडवून उजव्या मनगटाला गुंडाळला, वरून पांढरी पट्टी मारली, आणि मल्लम्मा आत गेली.

बाहेर व्हरांड्यात सांबप्पा बसला. तो रडायला लागला तसा शेजारी बसलेला एक म्हातारा रडायला लागला, त्याची सून आत होती. त्याचं बघून आणखी दोन बायका सुरू झाल्या. कडूबाईला हे सहन होईना. तिनं शेंगांची पिशवी सांबप्पाच्या पुढ्यात ओतली. "फोडा."

"वैनी, आता?"

"आता न्हाई तर कवा? तिला उद्या चटणी लागल."

सांबप्पा शेंगा फोडू लागला. पहिल्या चार फुटल्या नाहीत. पाचवी फुटली. मग हात चालू लागले, आणि हात चालू लागले तसं रडणं मागं पडलं. म्हाताऱ्यानं न विचारताच दोन मुठी आपल्याकडं ओढल्या. तासाभरात सगळा व्हरांडा शेंगा फोडत बसला होता आणि आपापल्या माणसांबद्दल बोलत होता: कोण किती दिवस इथं आहे, दूध कुठं चांगलं मिळतं, कोणती नर्स ओरडते, पण हात हलका आहे. सांबप्पाला त्या एका तासात जेवढं कळलं तेवढं डॉक्टरनं सांगून कळलं नसतं. दारावरचा शिपाई टरफलांवरून भांडायला आला. कडूबाईनं त्यालाही बसवलं.

गाठ निघाली, तिच्याबरोबर डावी छातीही गेली. मल्लम्मा शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलल्या. सगळं मुळासकट काढलंय, तरी पुन्हा येणारच नाही असं खात्रीनं सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मल्लम्मानं कडूबाईकडं पाहिलं. "काय म्हणायल्यात?"

"पाव्हण्यासारखं हाय म्हणतात. येईल, न्हाई तर येणार न्हाई. आपण काय पाव्हण्याच्या भीतीनं चूल बंद ठेवतो का?"

निघताना नर्सनं एक काम लावून दिलं. डावा खांदा आखडू नये म्हणून रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं कोळ्यासारखी वर वर चढवायची. दुखलं तरी चढवायची.

घरी परतल्यावर परसातल्या भिंतीपाशी हे सुरू झालं. मल्लम्मा आपल्या बाजूनं बोटं चढवायची, कडूबाई पलीकडून बघायची आणि बोटं पोचतील तिथं गेरूची रेघ ओढायची. पंधरवड्यात भिंत संपली. मग मल्लम्मा घराच्या भिंतीशी उभी राहू लागली, आणि कडूबाईला रोज फेरा घालून पुढच्या दारानं यावं लागू लागलं. तिथं तिला गाव भेटलं.

गावाचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्याला आवर नव्हता. येणारी बाई उंबऱ्यातच पदर डोळ्याला लावायची. "आमच्या जावेच्या बहिणीला असंच झाल्तं." "मग?" "गेली बिचारी. लय हाल झाले." एवढं सांगून ती पाणी मागायची, आणि मल्लम्मा उठून द्यायची. कस्तुराबाईची तर गोष्टच वेगळी. ती रडायला बसली की वाटसरू थांबून विचारायचे, कोण गेलं म्हणून. तिनं मल्लम्माच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, की मल्लम्माच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "उगी कस्तुराबाई, उगी. हाय मी अजून." त्या दिवशी मल्लम्मा संध्याकाळी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाईनं आपली बाज आणून सांबप्पाच्या दुकानातून घरात जायच्या दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसली.

कस्तुराबाई पदर सावरत आली. "कशी हाय गं मल्लम्मा?"

"तिला काय विचारायचं ते मला विचार. आन् हे घे." कडूबाईनं तिच्या हातात सूप दिलं. "दीड पायली ज्वारी हाय. पाखडून दे, मग आत जा. आत गेल्यावर मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं न्हाई."

"मग बोलू काय?"

"गावातलं बोल. कुणाचं भांडण झालं, कुणाची सून रुसली. ते तुला लय येतं."

कस्तुराबाई रागानं ज्वारी पाखडत बसली. पण आत गेल्यावर तिनं सरपंचाच्या थाटात गावातली चार भांडणं अशी रंगवून सांगितली, की मल्लम्मा उशीला टेकून तासभर ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई पाचवं भांडण घेऊन स्वतःहून आली आणि सूप कुठंय म्हणून तिनंच विचारलं. जिला सूप नको होतं ती आली नाही. अशा बऱ्याच होत्या, आणि घरात आपोआप हवा खेळू लागली.

आश्रुबा पाटील फेटा बांधून आले. त्यांचा उपाय होता गाढविणीचं दूध.

"आणा की," कडूबाई म्हणाली.

"आणवतो."

"आणवतो न्हाई. उपाय तुमचा, तुमीच काढा."

चार माणसांदेखत विषय निघाला होता, पाटलांना मागं हटता येईना. ते कुंभारवाड्यात गेले. तिथं नेमकं काय झालं ते कुंभारांनी पाटलांच्या इभ्रतीखातर सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते लंगडत आले आणि दुधाचा विषय काढला नाही. कडूबाईनं त्यांना बसायला बाज दिली, हातात काठी दिली, आणि अंगणात वाळत घातलेल्या गव्हावरच्या चिमण्या हाकायला सांगितलं. पाटील महिनाभर रोज येऊन चिमण्या हाकत होते. घरी त्यांना कुणी काही करू देत नव्हतं, असं एकदा ते कडूबाईला हळूच म्हणाले.

एवढं सगळं झालं, तरी एक माणूस कडूबाईच्या हाताला लागत नव्हता. सांबप्पा. तो हैद्राबादहून आल्यापासून दुकानातच झोपायचा. दूध आणून उंबऱ्यावर ठेवायचा, भिंतीकडं बघत विचारायचा, "बरं हाय ना?" आणि निघून जायचा.

"ते माझ्याकडं बघंनात," मल्लम्मा एका दुपारी म्हणाली. ती रडत नव्हती. केस विंचरून घेत होती. "माझ्यात आता बघण्यासारखं ऱ्हायलं काय, ते बी खरंच हाय."

कडूबाई फणी तशीच तिच्या केसांत ठेवून उठली. दुकानात जाईपर्यंत तिनं सांबप्पाला घालायच्या शिव्या मनाशी जुळवून ठेवल्या होत्या. पण सांबप्पा गल्ल्यामागं खाली मान घालून बसला होता, आणि तिला बघताच म्हणाला, "वैनी, मला लय भ्या वाटायलंय. मी बघितलं आन् माझ्या तोंडावर काय आलं, तर तिला कळंल. माझ्या तोंडावर सगळं दिसतं. म्हणून तर मला धंदा जमत न्हाई."

कडूबाईच्या सगळ्या शिव्या वाया गेल्या. ती तुरीच्या पोत्यावर बसली. मग म्हणाली, "माझा मालक तापानं गेला तवा मी शेवटचे दोन दिस आत गेले न्हाई. चुलीपाशीच बसून ऱ्हायले. त्यो हाका मारायचा, मी म्हणायचे, आले, आले. मला बी भ्याच वाटत हुतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. तुमी बी सांगू नका. चला आता."

"तोंडावर काय आलं तर?"

"येऊ द्या. तिनं तुमचं तोंड तीस वर्सं बघितलंय."

मल्लम्माची पट्टी बदलायची वेळ झालीच होती. कडूबाईनं कोमट पाण्याचं भांडं सांबप्पाच्या हातात दिलं आणि पट्टी सोडायला घेतली. सांबप्पानं शिवाचं नाव घेतलं, डोळे उघडले, बायकोकडं नीट पाहिलं, आणि भांड्यासकट धाडकन खाली पडला. सगळं पाणी त्याच्याच अंगावर.

मग मल्लम्मा हसायला लागली. ती हसली आणि जखमेतून कळ आली, म्हणून ओरडली, आणि ओरडता ओरडता पुन्हा हसली. "उठा वो," ती म्हणत होती, "माझं कापलं आन् तुमी पडायलाव!" सांबप्पा भिजल्या धोतरानं उठून बसला. त्याच्या तोंडावर जे काही होतं ते सगळं दिसत होतं, आणि मल्लम्मानं ते बघितलं. तिनं उजवा हात पुढं केला. कडूबाईला एकदम आपल्या म्हशीची आठवण झाली आणि ती बाहेर गेली. चौथ्या दिवसापासून पट्टी सांबप्पाच बदलू लागला. महिन्याभरात त्याला पिठलंही जमू लागलं. भाकरी मात्र त्याच्या हातून कधी गोल झाली नाही.

मग प्रश्न आला चोळीचा. डाव्या बाजूनं ती रिकामी लोंबायची आणि मल्लम्मा पदर ओढून ओढून वाकून चालू लागली होती. कडूबाईनं जुन्या लुगड्याची पुरचुंडी शिवली. कापूस भरून बघितला, तो वर सरकला. ज्वारी भरली, ती टोचली. शेवटी राळे भरले. बारीक गोल दाणे, वजनही बरोबर, थंडही राहायचे. मल्लम्मा ताठ चालू लागली. तिला ते इतकं सोयीचं झालं, की एका लग्नाच्या पंगतीत वाढताना शिवण उसवली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. राळ्यांची बारीक धार पंगतीतून मांडवाबाहेर गेली आणि यजमानांच्या चार कोंबड्या तिच्यामागं ओळीनं आत आल्या. बायका गोंधळल्या. मल्लम्मानं खाली पाहिलं, कोंबड्यांकडं पाहिलं, आणि कडूबाईला हाक मारली, "कडूबाई, दाभण आण. मी सांडायले!" ही हकिकत नंतर ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि गावातल्या बायका तिच्या आजाराचं नाव दबक्या आवाजात घ्यायच्या ते तेव्हापासून थांबलं.

ह्या कोंबड्यांमुळंच बातमी लांब गेली. दोन वर्षांनी चारठाण्याहून गाडी आली. तिथल्या एका शेतकऱ्याची बायको, नर्मदाबाई, हैद्राबादेत तसंच ऑपरेशन करून आली होती आणि कोठीचं दार आतून लावून बसली होती. जेवण खिडकीतून घ्यायची. कडूबाई निघाली तशी मल्लम्माही गाडीत चढून बसली. "तू जाऊन तिला भांडशील," ती म्हणाली. दोन दिवसांच्या वाटेत दोघी गाडीत सतत भांडत गेल्या. बैल हाकणारा पुढं सांगायचा, की त्याला वाटलं होतं, ह्या दुसऱ्याला धीर द्यायला नाही, पंचायतीत दावा लावायला निघाल्यात.

चारठाण्यात कडूबाईनं दारावर थाप मारली, दम दिला, विनवलं. दार उघडेना. मग मल्लम्मा दाराला लागून खाली बसली आणि सावकाश म्हणाली, "नर्मदाबाई, मला बी डावी न्हाई. तुमची कोणती?"

आत पावलं दारापाशी आली. मग आवाज आला, "उजवी."

"मग बरं हाय. फुगडीला उभ्या ऱ्हायलाव तर दोघी मिळून पुऱ्या हाव."

आतून आधी हुंदका आला का हसू, ते कडूबाईला कधी सांगता आलं नाही. कडी निघाली. मल्लम्मा एकटीच आत गेली, आणि दार पुन्हा लागलं. कडूबाई बाहेर नर्मदाबाईच्या नवऱ्यापाशी बसली. तो बिचारा महिनाभर धड झोपला नव्हता. कडूबाईनं त्याला अंगणात आडवं व्हायला लावलं, त्याच्या गुरांना पाणी दाखवलं, आणि चार तासांनी तो घोरत असतानाच आतून दोघी बाहेर आल्या. नर्मदाबाई ताठ होती. राळ्याची पुरचुंडी तिनं घेतली होती, आणि मल्लम्मा पदर ओढून घेत म्हणत होती, "कडूबाई, दुसरी शिवायला बस."

पुढच्या पाच-सहा वर्षांत अशा आठ-दहा गाड्या आल्या. सगळीकडं गोड झालं असं नाही. दोन घरी त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता, आणि एका घरी सासूनं दोघींना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मल्लम्माला पंचेचाळीस साली पाठीत कळा सुरू झाल्या. ती आणि कडूबाई, दोघींनाही ते काय आहे ते न सांगता कळलं. ह्या वेळी तिनं काही लपवलं नाही. मुलगी बिदरहून येऊन राहिली. सांबप्पा तिला उठवायचा, बसवायचा, कूस बदलून द्यायचा, पेज भरवायचा. कडूबाई सकाळी येऊन त्याला दोन तास बाहेर हाकलायची. "जा, देवळात जा, न्हाई तर नुस्तंच फिरून या, पण घरात दिसू नका," असं म्हणायची. शेवटच्या आठवड्यात मल्लम्मानं तिला विचारलं, "तुझ्या जिंतूरच्या मावशीचं काय झालं हुतं गं?"

"मेली," कडूबाई म्हणाली.

"एकटीच हुती का?"

"हाव."

मल्लम्मानं मान हलवली आणि तिला पाठ चोळायला सांगितलं. जाताना तिचं डोकं सांबप्पाच्या मांडीवर होतं, पाय मुलीच्या, आणि कडूबाई आत होती, चुलीपाशी नव्हती.

वर्ष गेलं. राणीसावरगावहून, मल्लम्माच्या माहेराहून, निरोप आला. तिचा धाकटा भाऊ शिवाप्पा तंबाखूचा बार भरणारा. त्याच्या गालात आतून व्रण झाला होता, तोंड उघडत नव्हतं, आणि तो बायकोवर ताटं फेकत होता. कडूबाईचे गुडघे आता गाडीत बसायला तयार नव्हते. सांबप्पा म्हणाला, "मी जातो." आयुष्यात तो पहिल्यांदाच कुठं एकटा निघाला होता. गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी.

आठव्या दिवशी तो परतला तो छाती काढून. भिंतीपाशी उभा राहून त्यानं कडूबाईला सगळं सांगितलं. डॉक्टरला दाखवलं, फार उशीर झालाय म्हणाले. पण ज्वारीचं पीठ दुधात शिजवून, फडक्यातून गाळून, कोमट करून त्यानं शिवाप्पाला पाजलं. तिखट-मिठाचा कण घातला नाही. शिवाप्पानं पहिली वाटी फेकली, दुसरीही फेकली. तिसरी सांबप्पानं स्वतःच पिऊन टाकली आणि मिटक्या मारल्या, तेव्हा चौथी शिवाप्पानं मागून घेतली.

"बेस केलंत," कडूबाई म्हणाली. "आन् त्याच्या बायकोजवळ आता कोण हाय?"

सांबप्पानं पिशवी खाली ठेवली. "तिला गाळायला शिकवून आलोय की."

"गाळायला शिकवलं. ताटं झेलायला कोण हाय? ती झोपती कवा?"

"वैनी, दुकान..."

"दुकान मी बघते."

सांबप्पानं भस्म लावलं, पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी धरली. तो शिवाप्पापाशी शेवटपर्यंत, म्हणजे दोन महिने राहिला. रोज दुपारी शिवाप्पाच्या बायकोला तो शेजारच्या घरी झोपायला पाठवायचा. इकडं झरीत कडूबाई गल्ल्यावर बसली. त्या दोन महिन्यांत भाव करायला कुणी तोंड उघडलं नाही, आणि गुळाचा खडा चाखून बघायची कुणाची छाती झाली नाही.